आतड्यांचे इन्स्पेक्टर

आमचे पनवेलचे घरमालक माझ्याशी पहिल्यांदा बोलले, ते दोनच शब्द. "आज सातव्यांदा."

मी मागच्या अंगणात हातात टमरेल घेऊन उभी होते. रविवारी संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, माझं वय चोवीस होतं, आणि त्या घरात भाड्यानं राहायला येऊन आम्हाला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. ते माझ्याकडे पाठ करून जास्वंदीला पाणी घालत होते, त्यामुळे मला आधी वाटलं की जास्वंदीशीच बोलतायत.

"काल सहा, परवा पाच," ते पुढे म्हणाले. "साधा जुलाब असता तर एव्हाना उतरला असता. हा चढतोय."

मी टमरेल तिथेच टाकून जिना चढून वर पळाले. आईला म्हटलं, हे घर आपण आजच्या आज सोडू या. आई म्हणाली, बाबांच्या ऑफिसपासून इतक्या जवळ दुसरी जागा मिळणार नाही. पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाच्या मुलीला लाज किती परवडते, याचं गणित आईकडे तयार असायचं.

त्या घरात वर आम्ही, खाली ते एकटे आणि मागच्या अंगणात दोघांच्यात मिळून एक संडास, अशी रचना होती. संडासाच्या दाराला आतून पितळी कडी, भिंतींना पांढऱ्या फरशा, कोपऱ्यात कायम भरलेलं पिंप. पनवेलात पुष्कळ घरांचे देव इतके स्वच्छ नव्हते. ते नगरपालिकेतून सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते, म्हणजे पालिकेनं त्यांना निवृत्त केलं होतं. त्यांनी स्वतःला केलं नव्हतं. रोज सकाळी खाकी हाफपँट घालून ते गल्लीतून फेरी मारत. कुणाचं गटार तुंबलंय, कुणी खरकटं कुठे टाकलंय, हे बघून त्या त्या दारात उभे राहत आणि घरातली कर्ती बाई बाहेर येईपर्यंत एक शब्द न बोलता गटाराकडे बोट दाखवून ठेवत. दिवाळीला त्यांना फराळाची ताटं खूप यायची. लोक त्यांना घाबरून फराळ द्यायचे.

आणि ते कचऱ्याचे डबे तपासत. आपला, आमचा, शेजारचा. आमच्या डब्यात काय सापडलं यावरून ते आमच्या घरातलं सगळं सांगू शकत. बाबांनी विड्या सोडल्याचं जाहीर केलं होतं, ते खोटं असल्याचं आईला त्यांच्याकडूनच कळलं.

तर असल्या माणसाच्या तावडीत माझं मोठं आतडं सापडलं.

खरं तर त्याआधी दोन वर्षं मला रक्त पडत होतं. हे वाक्य मी आज इतक्या सरळपणे लिहिते, त्याचं सगळं श्रेय त्यांचं आहे. तेव्हा मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं होतं, पण ते सांगणं म्हणजे "जरा उष्णता झालीय" इतकंच. मग आई सब्जा भिजवायची, गुलकंद आणायची, तळपायांना काशाच्या वाटीनं तूप चोळायची. माझे तळपाय त्या काळात फार सुंदर होते. आमच्या आधीच्या घराच्या गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरांना मी "पोट बिघडलंय" म्हणून सांगायची. ते कागदातून मान वर न करता "अमिबा" म्हणायचे आणि गोळ्यांची पुडी बांधून द्यायचे. त्यांच्या मते पनवेलात माणसं कमी आणि अमिबाच जास्त राहत होते. पुडी संपायची, रक्त पडतच राहायचं, मी नवी पुडी आणायची. किती वेळा जावं लागतं, काय पडतं, हे त्यांनी दोन वर्षांत विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आमचं छान चाललं होतं.

त्या सातव्यांदाच्या दुसऱ्या दिवशी घरमालक जिन्याच्या तळाशी उभे राहिले आणि वर तोंड करून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी चार प्रश्न विचारले. "दिवसातून किती वेळा? रक्त पडतं का? शेंबडासारखं पडतं का? रात्री झोपेतून उठून जावं लागतं का?"

आई दारात आली. म्हणाली, "भाऊ, पोरीला जरा उष्णता..."

"वहिनी, हा शब्द माझ्या घरात चालत नाही," ते म्हणाले. "उष्णता तव्याला होते. माणसाला आजार होतो."

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं. कारण ते चार प्रश्न मला कुणीच कधी विचारले नव्हते, आणि चारही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे दोन वर्षं तयार होती. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ती दिली. शेजारची खिडकी उघडी होती. उघडी तर उघडी.

त्यांना स्वतःला तोच आजार होता. मूळव्याध समजून त्यांच्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती, एकदा एका वैदूनं गरम सळईचा प्रयोग केला होता, आणि आजाराचं खरं नाव कळायला बारा वर्षं लागली होती. त्या बारा वर्षांचा सूड ते आमच्यासारख्यांना शिकवून उगवत होते, असं माझं मत आहे.

त्यांनी मला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं, ते हातात अकरा प्रश्नांचा कागद देऊन. कागद म्हणजे पालिकेचे जुने छापील फॉर्म, कोरी बाजू वापरायची. त्यांच्याकडे 'मोकाट कुत्र्यांबाबत तक्रार' या फॉर्मचा गठ्ठाच्या गठ्ठा शिल्लक होता. "अकराच्या अकरा उत्तरं मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही," असा हुकूम होता. "डॉक्टर उभे राहिले तरी तू उठायचं नाही."

दुर्बिणीची तपासणी झाली. मोठ्या डॉक्टरांनी 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' हे दोन शब्द उच्चारले, चिठ्ठी लिहिली आणि घंटीकडे हात नेला. मी कागद काढला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि उलटा धरून वाचला, "कुत्र्याचा रंग व वर्णन?"

"दुसरी बाजू," मी म्हटलं.

"हे तुम्हाला कुणी लिहून दिलं?"

"इन्स्पेक्टरांनी."

या उत्तराचा काय परिणाम झाला कोण जाणे, पण डॉक्टर परत बसले. हा आजार कायमचा जातो की आटोक्यात राहतो? गोळ्या किती दिवस? बरं वाटलं तर बंद करायच्या की नाहीत? कुठली लक्षणं दिसली तर न थांबता यायचं? बाहेरचे पेशंट दार ढकलून डोकावू लागले तरी मी उठले नाही. अकरावा प्रश्न 'हे सगळं तुम्ही आपणहून का सांगितलं नाहीत?' असा होता. तो मी गाळला. घरी आल्यावर त्याबद्दल मला बोलणी बसली.

मग त्यांनी मला आजार समजावून सांगितला. त्यासाठी त्यांच्याकडे सायकलची एक ट्यूब होती. ती उभी चिरून आतल्या बाजूनं लाल रंगाचे ठिपके काढले होते. "हे तुझं मोठं आतडं. आतलं अस्तर सुजतं, त्याला जखमा होतात, त्यातून रक्त येतं. तुझ्याच शरीरातले शिपाई तुझ्याच अस्तरावर चाल करून जातात. का जातात, ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही. ज्याला कळलंय असं तो म्हणेल, त्याच्याकडे जायचं नाही." मोठ्या डॉक्टरांना दहा उत्तरांत जे सांगायला जमलं नव्हतं, ते या माणसानं सायकलच्या दुकानातल्या भंगारातून सांगितलं. फक्त दीड तास घेतला.

माझी नोकरी न्हावा शेव्याला, एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात टायपिस्टची. बंदर नवीन होतं, रस्ता जुना होता आणि त्याच्यावर ट्रेलरची रांग. कंपनीची बस कधी तासात पोचे, कधी तीन तासांत. ज्याला हा आजार नाही त्याला ट्रॅफिक जॅम म्हणजे उशीर. मला तो घामानं भिजवून टाकायचा. मी सकाळी उपाशी निघायची, दुपारी अर्धी पोळी खायची, आणि तरी गव्हाण फाट्याशी बस थांबली की हँडबॅगेचा पट्टा दातात धरायची. नोकरी सोडायच्या बेतात होते.

घरमालकांनी मला नोकरी सोडू दिली नाही. ते चार दिवस सायकलवरून तो सगळा रस्ता फिरले आणि त्यांनी संडासांचा नकाशा बनवला. पनवेल ते न्हावा शेवा. पेट्रोल पंप, शाळा, देवळामागचा आखाडा, खाजगी घरं. हिरवी खूण म्हणजे पाणी आहे आणि कडी आहे. पिवळी म्हणजे पाणी आहे, कडी नाही, बरोबर मैत्रीण न्यावी. लाल म्हणजे जीव जात असेल तरच. प्रत्येक ठिकाणी ते आत जाऊन स्वतः पाहून आले होते, आणि तिथल्या माणसाला "आमची एक मुलगी येईल, विचारू नका, दार उघडा" एवढं बजावून आले होते. असला नकाशा माझ्याखेरीज कुणाकडे असेल असं वाटत नाही, आणि सांगायचं तर मला तो पहिल्यांदा पाहून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण मी तो रोज पर्समध्ये ठेवत असे.

एकदा जासईला बस अडकली, तेव्हा त्यातल्या एका हिरव्या खुणेच्या घरी मी धावत गेले. घर एका मिठागरवाल्या मामांचं. जमीन बंदरात गेल्यावर त्यांनी ट्रेलर घेतले होते, आणि समोरच्या जॅममध्ये आडवा पडलेला एक ट्रेलर त्यांचाच होता. मी बाहेर आले तेव्हा मामा ओटीवर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, तुजा तो सायकलवाला आमच्या घरच्यांना सांगून गेला. तुला जसा होतंय ना, तसा मला पन होतंय. तीन वर्सं झाली. कुनाला बोललो नाय."

पुढच्या रविवारी मामा पनवेलला वर्गाला हजर झाले.

हो, वर्ग. दर रविवारी सकाळी नऊ वाजता घरमालकांच्या पडवीत आतड्यांचा वर्ग भरायचा. कधी पाच जण, कधी नऊ. सतरंजी, भिंतीला खिळ्यावर ट्यूब, आणि हजेरी. हजेरीला 'हजर' म्हणायचं नाही, दिवसातून किती वेळा, तो आकडा सांगायचा. "तीन." "चार, रक्त नाही." "अकरा, रक्त आहे." अकरावाल्याला पुढे बसवत. मग तोंडी परीक्षा. गोळीचं नाव काय, कशासाठी, दिवसातून किती, चुकली तर काय करायचं. नाव न येणाऱ्याला, "ती मोठी पिवळी गोळी" असं म्हणणाऱ्याला, ते शाळेतल्यासारखे उभे करत. एक निवृत्त हेडमास्तर दोन रविवार उभे राहून गेले आणि तिसऱ्या रविवारी आलेच नाहीत. "मान गेला तरी चालेल, आतडं राहिलं पाहिजे," हे घरमालकांचं ब्रीद. लोकांना मान आतड्यापेक्षा प्यारा असतो, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. निम्मा वर्ग त्यापायी गळाला. सौम्य बोलणं त्यांना येतच नव्हतं, आणि ज्याला ते येतं त्याला ते लबाड समजत.

मामांनी एकदा गोळ्या सोडल्या. वर्गात आकडा विचारल्यावर म्हणाले, "एक. आता बरा हाय मी. बऱ्या मानसानं गोली कशाला खायाची?"

घरमालक ताडकन उठले. ट्यूब खिळ्यावरून खाली आली. आता दीड तास, या भीतीनं सगळे मांडी बदलू लागले. तेवढ्यात मामा स्वतःशीच बोलावं तसे म्हणाले, "म्हंजे आमच्या खाऱ्या बांदासारखा हाय का हा? बांद फुटला नाय तरी दर साल माती घालावीच लागते. एक साल सोडला तर दर्या आत."

एवढं सोपं त्या ट्यूबनं कधी सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारपासून घरमालक हाच दाखला सगळ्यांना देऊ लागले, आणि आपल्यालाच सुचल्याच्या थाटात. मामा समोर बसून मान डोलवत.

मी वर्षभरात चांगली सुधारले. वजन वाढलं, रंग आला, आणि आईनं माझं लग्न काढलं.

ठाण्याचं स्थळ होतं. मुलगा बँकेत, घर चांगलं. आईनं मला स्वयंपाकघरात घेतलं आणि म्हणाली, "एक शब्द बोलायचा नाही. लग्न झालं की हळूहळू सांगू." मी मान हलवली. मला ते स्थळ हवं होतं, खोटं कशाला बोलू. मुलाचे हात मला आवडले होते. मग मुलाची आत्या चार दिवस राहायला येते म्हणाली. घरात त्या ढेकळांएवढ्या पिवळ्या गोळ्यांची पाकिटं, आणि आत्या म्हणजे डबे उघडून बघणारी. आई म्हणाली, आता बरी आहेस ना, राहू देत थोडे दिवस. बांधाचा दाखला मी इतक्या वेळा ऐकला होता की मला तो तोंडपाठ होता. तरी मी गोळ्या बंद केल्या. आत्या गेल्यावर परत सुरू करणार होते. साखरपुड्याची तारीख ठरेपर्यंत, मग साडी घेईपर्यंत, असं करत सहा आठवडे गेले.

घरमालकांना ते कळणारच होतं. कचऱ्याच्या डब्यात रिकामी पाकिटं दिसेनाशी झाली. त्यांनी मला जिन्यात अडवलं.

"किती दिवस?"

"काका, लग्न होऊ दे."

"आतड्याला पत्रिका पाठवली आहेस का, की लग्न आहे, जरा थांब म्हणून?"

आईनं वरून ऐकलं आणि ती खाली उतरली. "भाऊ, तुम्ही घरमालक आहात. भाडं वेळेवर मिळतंय. बाकीचं आमचं आम्ही बघू." ते वळून पडवीत गेले. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त दिसलं.

साखरपुडा आमच्याच वरच्या खोलीत झाला. घरमालकांना बोलावणं भागच होतं. खोलीत तीसेक माणसं. मी नव्या रेशमी साडीत, आणि तासाभरात तीन वेळा तो अरुंद जिना उतरून मागच्या अंगणात जाऊन आले. तिसऱ्यांदा परत आले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. आत्या आईला विचारत होत्या, "मुलगी सारखी खाली का जातेय हो?"

आईनं हसून सांगितलं, "काही नाही, दगदग झाली ना. जरा उष्णता झालीय."

घरमालक कोपऱ्यात बशीतला चिवडा खात होते. त्यांनी बशी खाली ठेवली, उठले आणि जिना उतरून गेले. आईनं सुटकेचा श्वास टाकला. मी मात्र त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत होते. खिळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, आणि पावलं परत वर येऊ लागली.

"ही सायकलची ट्यूब नाही," ते खोलीच्या मधोमध उभे राहून म्हणाले. "हे मुलीचं मोठं आतडं आहे."

मुलाच्या वडिलांच्या तोंडात अर्धा पेढा होता. तो तसाच राहिला. त्यानंतरची वीस मिनिटं मी भिंतीला टेकून ऐकली. सूज, जखमा, रक्त. हा संसर्ग नाही, शेजारी बसून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही. मुलाच्या आईनं विचारलं, "मूलबाळ?" ते म्हणाले, "होतं. आजार आटोक्यात हवा आणि गोळ्या चालू हव्यात. सध्या यांनी तुमच्या भीतीनं बंद केल्यात." त्यांनी दिलेली सगळी माहिती बरोबर होती. एक अक्षर चुकलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनीही त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते. आणि मुलगा संपूर्ण वेळ स्वतःच्या घड्याळाकडे बघत होता.

पाहुणे फार सभ्यपणे निघाले. आठवड्याभरात पत्र आलं, पत्रिका पुन्हा दाखवली, जुळत नाही. पत्रिकेत आतडं कितव्या घरात असतं, ते मी आजतागायत कुणा ज्योतिषाला विचारलेलं नाही.

पत्र वाचून मी खाली गेले. ते फॉर्म नीट रचत बसले होते. मी म्हटलं, "काका, तुम्ही मला लाज सोडायला शिकवलंत. पण सांगायचं की नाही, कधी सांगायचं, कुणाला, हे मी ठरवणार होते. आतडं माझं आहे. तुमच्या पडवीतल्या खिळ्याला टांगलेलं नाही."

त्यांना उत्तर सुचलं नाही, असं मी प्रथमच पाहिलं, आणि मला त्याचा आनंद झाला. फार आनंद झाला. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की त्यांच्या संडासात जातानाही मी दार आपटत असे.

आजार मात्र अंगावर आला. मुंबईला दवाखान्यात दहा दिवस राहावं लागलं, मग तीन महिने स्टेरॉइड. तोंड भोपळ्यासारखं सुजलं. प्रश्नांचा कागद या वेळी मी स्वतः लिहिला. घरी आले तेव्हा कळलं, रविवारचा वर्ग बंद आहे. मामा भेटायला आले, मासळी घेऊन, जी मला खायची नव्हती. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मासळीची पिशवी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "खोटा त काय बोलला नाय तो. पन तुला इचारायला पायजे होता. तू माझ्या घरी येयाच्या आदी पन त्यानं माझ्या बायकोला इचारला होता, दार उगडाल का म्हनून. संडासाला इचारला, तुला नाय इचारला."

हे मामांनी खालीही जाऊन सांगितलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालक जिना चढून वर आले. ते आमच्याकडे कधी आपणहून वर येत नसत, खालूनच ओरडत. दारात उभे राहिले. हाफपँट नव्हती, धोतर होतं. आई उठून आत गेली.

"माझं लग्न झालं होतं," ते म्हणाले. "तिशीत. तेव्हा मला हे सुरू होऊन वर्ष झालं होतं. लपवलं. ती रोज रात्री विचारायची, तुम्ही उठून कुठे जाता? मी चिडायचो. तिनं एकदा रक्त पाहिलं. तिला वाटलं बाहेरची काहीतरी घाण लागण आहे. मला काय झालंय ते मलाच ठाऊक नव्हतं, तिला काय सांगणार? आठ महिन्यांत ती माहेरी गेली, ती गेलीच." त्यांनी धोतराचा सोगा सारखा केला. "नाव कळलं तेव्हा मी तिच्या गावी गेलो होतो. सांगायला. तिचं दुसरं लग्न झालं होतं. मी बाहेरूनच परत आलो."

मला त्यांची दया आली, आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"तुझं तसं होऊ नये म्हणून बोललो," ते म्हणाले. "पण ते माझं होतं. तुझं नव्हतं. चुकलं."

आणि लगेच, जणू एवढं बोलण्याचा त्रास भरून काढायला, "गोळी सकाळची घेतलीस का?" म्हणून खेकसले.

वर्ग परत सुरू झाला. हजेरीत आकडा मोठ्यानं सांगायची सक्ती काढली होती. ज्याला नको असेल त्यानं कागदावर लिहून द्यायचा. एवढ्यानंही हेडमास्तर परत आले.

वर्षभरानं पेणचं एक स्थळ आलं. मुलगा ड्राफ्ट्समन, बोलायला बेताचा, कपाळ मोठं. आई आदल्या दिवसापासून माझ्या मागे भुणभुण करत होती. मी म्हटलं, या वेळी मी ठरवणार. घरमालकांना त्या दुपारी बोलावलं नव्हतं, तरी ते पाहुणे यायच्या आधीच घराला कुलूप लावून निघून गेले. वडाळे तळ्याकडे गेल्याचं शेजारणीनं सांगितलं.

पोहे झाले, आणि आम्हा दोघांना गच्चीत बोलायला पाठवलं. मी त्यांना सगळं सांगितलं. साधारण पाच मिनिटं लागली. नाव, काय होतं, काय होत नाही, गोळ्या कायमच्या, कधी कधी दवाखाना, कधी कधी भररस्त्यात पंचाईत. मी शब्द एकही बदलला नाही. ते ऐकत होते. माझं संपल्यावर ते जे बोलले, ते ऐकून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

संध्याकाळी घरमालक परत आले. तळ्याला चार फेऱ्या मारल्या होत्या, चपला धुळीनं माखल्या होत्या. मी पायरीवर बसले होते. ते माझ्यासमोर थांबले, घसा खाकरला, आणि म्हणाले, "विचारू का? नसेल सांगायचं तर नको सांगूस."

"विचारा."

"बोललीस?"

"बोलले."

"सगळं?"

"सगळं."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाले, आमच्याकडे संडास घरातच आहे. एक नाही, दोन आहेत. तुम्हाला कधी थांबावं लागणार नाही."

त्यांनी चष्मा काढला. धोतराच्या टोकानं काचा पुसल्या, परत लावला, परत काढला. "दोन," ते म्हणाले. मग आवाज नेहमीसारखा करून त्यांनी विचारलं, "आणि पाण्याची टाकी किती लिटरची, ते विचारलंस का?"